कंपायलरची आवृत्ती बदलताना: जीसीसीच्या नव्या मालिकेकडे जाण्याचा क्रम आणि त्यातल्या नेहमीच्या चुका

सांगलीत आमचे काम साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांसाठी आणि हळदीच्या सौद्यांच्या हिशेबासाठी सी आणि सी-प्लस-प्लसमध्ये प्रोग्रॅम लिहिण्याचे आहे. कंपायलर, म्हणजे लिहिलेला कोड यंत्राला चालवता येईल अशा प्रोग्रॅममध्ये बदलणारे साधन, बदलण्याची वेळ दोन-तीन वर्षांतून एकदा येते आणि दर वेळी तीच चूक होताना मी पाहतो. कोणीतरी एखाद्या शनिवारी ऑपरेटिंग सिस्टीम, कंपायलर आणि ऑप्टिमायझेशनचे (प्रोग्रॅम वेगवान करण्याचे) पर्याय असे तिन्ही एकाच बैठकीत बदलतो, आणि सोमवारी पावती चुकली की तिघांपैकी दोष कोणाचा हे कोणालाच सांगता येत नाही. पुढे दिलेला क्रम हा गोंधळ टाळण्यासाठी आहे. उदाहरणे जीसीसी या कंपायलरची आणि लिनक्सची आहेत. पर्यायांची नावे आपण बोलताना जशी उच्चारतो तशीच लिहिली आहेत.

१. कोणत्या आवृत्तीवर जायचे आणि केव्हा, हे आधी ठरवा

जीसीसीचे आकडे नीट वाचता आले, तर निम्मा निर्णय तिथेच होतो. २०१५ पासून दरवर्षी साधारण एप्रिल-मेमध्ये एक नवी मालिका सुरू होते. तिची पहिली प्रकाशित आवृत्ती ‘.१’ असते आणि त्यानंतरच्या ‘.२’, ‘.३’ या आवृत्त्यांमध्ये त्याच मालिकेतल्या दोषांची दुरुस्ती असते. उदाहरणार्थ, १४.१ मे २०२४ मध्ये आली आणि १५.१ एप्रिल २०२५ मध्ये. म्हणजे १४.१ वरून १४.२ वर जाणे आणि १३ वरून १४ वर जाणे या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात भाषेचे नियम, मूळ पर्याय आणि वॉर्निंग यांना सहसा हात लावलेला नसतो, त्यामुळे तिथे या लेखातले टप्पे ५, ६, ७ आणि ९ पुरेसे होतात. दुसऱ्यात मात्र यातला एकही टप्पा गाळता येत नाही.

ज्या प्रोग्रॅमवर पैशांचा हिशेब चालतो, त्याच्यासाठी मी ‘.१’ आवृत्ती कधीच घेत नाही. तीन महिने थांबल्याने आजवर आमचे काही बिघडलेले नाही.

वेळेचे म्हणाल तर गाळप संपल्यावर काम हाती घ्यावे आणि पुढचा हंगाम सुरू होण्याआधी किमान महिनाभर नवा प्रोग्रॅम स्थिर झालेला असावा. उसाच्या गाड्या फाटकाबाहेर रांगेत उभ्या असताना कंपायलर बदलणे हा प्रयोग कोणी करू नये.

२. तयारी: जुन्या कंपायलरची साक्ष जपून ठेवा

बहुतेक लोक हाच टप्पा गाळतात. नव्या प्रोग्रॅमचे उत्तर बरोबर आहे की नाही हे ठरवण्यासाठी जुन्या प्रोग्रॅमचे उत्तर हाताशी लागते, आणि ते बदल करण्याआधीच मिळवलेले असावे लागते. त्यासाठी पुढील गोष्टी एका फोल्डरमध्ये ठेवाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे जुन्या कंपायलरची संपूर्ण ओळख. ‘जीसीसी डॅश व्ही’ ही आज्ञा दिली की आवृत्ती आणि तो कंपायलर कोणत्या पर्यायांनी घडवला आहे ते छापून येते. ते जसेच्या तसे जतन करावे. सोबत बिल्डची (सोर्सपासून प्रोग्रॅम तयार करण्याच्या कामाची) पूर्ण नोंद ठेवावी, म्हणजे प्रत्येक फाइल कोणत्या आज्ञेने कंपाइल झाली हे दिसेल. मेकफाइलमध्ये (बिल्डच्या आज्ञांच्या फाइलमध्ये) जे लिहिले आहे तेच प्रत्यक्षात चालते अशी समजूत करून घेऊ नये. आमच्या एका जुन्या कामात मेकफाइलमध्ये ‘ओ-टू’ (नेहमीचे ऑप्टिमायझेशन) होते आणि एका उपफोल्डरात कोणी कधी लिहिले कोण जाणे, पण ‘ओ-झिरो’ (ऑप्टिमायझेशन बंद) होते. चार वर्षे ते कोणाच्याच लक्षात आले नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे खरा इनपुट. वजनकाट्याचा इंडिकेटर सिरियल पोर्टवर जी अक्षरे पाठवतो, त्यांचा एका संपूर्ण दिवसाचा लॉग आम्ही फाइलमध्ये उतरवून ठेवतो आणि चाचणीच्या वेळी पोर्टऐवजी ती फाइल प्रोग्रॅमला देतो. त्या लॉगमध्ये अर्धवट आलेल्या ओळी, काटा हलत असतानाची वजने आणि मधेच वीज गेल्याने तुटलेले संदेश असले पाहिजेत, कारण कंपायलर बदलल्यावर पितळ उघडे पडते ते याच ठिकाणी. हाताने तयार केलेला स्वच्छ इनपुट या कामाला निरुपयोगी आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे त्या इनपुटवर जुन्या प्रोग्रॅमने दिलेला आउटपुट आणि खुद्द जुना, चालू असलेला प्रोग्रॅम. सोर्स कोड आहे म्हणजे जुना प्रोग्रॅम पुन्हा तयार करता येईल, हे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

*तपासणी:* जुन्या कंपायलरने, कोऱ्या फोल्डरात, पहिल्यापासून एकदा बिल्ड करावे आणि आउटपुट जपलेल्या प्रतीशी ताडून पाहावा. इथेच फरक पडला, तर पुढे जाऊ नये. तुमच्या हातातला सोर्स आणि ग्राहकाकडे चाललेला प्रोग्रॅम हे दोन वेगळे आहेत, आणि आधी ते एक करावे लागतील.

(ही प्रत तळमजल्यावरच्या कार्यालयात एकाच डिस्कवर ठेवू नये, हे २०१९चा कृष्णेचा महापूर पाहिलेल्या कोणालाही वेगळे सांगावे लागणार नाही.)

३. बदलांची यादी वाचा आणि आपल्या कोडला लागू पडणारे तेवढे वेचून काढा

प्रत्येक मालिकेसोबत जीसीसीचे लोक दोन दस्तऐवज देतात. एकात काय बदलले ते असते, आणि दुसऱ्यात कोड नव्या मालिकेवर आणताना कुठे अडेल ते असते. लोक पहिला चाळतात, त्यात वेग वाढल्याचे वाचून खूश होतात आणि दुसरा उघडतच नाहीत. खरे तर आधी दुसराच वाचावा. मधल्या मालिका ओलांडून जात असाल, तर मधल्या प्रत्येक मालिकेचा वाचावा. आठवरून पंधरावर उडी मारणाऱ्याला साधारण पुढील बदल एकाच वेळी अंगावर येतात.

मालिका १० पासून एकच ग्लोबल व्हेरिएबल दोन फाइलींमध्ये ‘एक्स्टर्न’ न लिहिता जाहीर केले असेल, तर लिंक करताना (कंपाइल झालेल्या फाइली जोडताना) चूक येते. पूर्वी लिंकर ते निमूट एकत्र करून टाकत असे. मालिका ११ पासून सी-प्लस-प्लसचे मूळ मानक (पर्याय न दिल्यास कंपायलर भाषेचे जे नियम धरतो ते) २०१७चे झाले. मालिका १२ पासून ‘ओ-टू’वरही लूपचे व्हेक्टरायझेशन (एकाच सूचनेत अनेक संख्यांवर काम) होऊ लागले, मात्र ते अगदी सावध हिशेबाने होते. मालिका १३ मध्ये काही मानक हेडर (फंक्शन आणि प्रकार जाहीर करणाऱ्या फाइली) दुसऱ्या हेडरना आतल्या आत ओढून आणेनासे झाले, त्यामुळे ‘सीस्टडिंट’ स्वतः न जोडणाऱ्या फाइली अडतात. ही दुरुस्ती एका ओळीची आहे आणि तिच्यावर वेळ घालवण्यासारखे काही नाही.

मालिका १४ आणि १५ मात्र सी लिहिणाऱ्यांनी सावकाश वाचाव्यात.

चौदामध्ये जाहीर न केलेले फंक्शन वापरणे, प्रकार न लिहिता व्हेरिएबल जाहीर करणे, पॉइंटर आणि पूर्णांक यांची परस्पर अदलाबदल आणि न जुळणाऱ्या पॉइंटरांची देवाणघेवाण या गोष्टी वॉर्निंगवरून थेट चुकांमध्ये गेल्या. हा बदल जाचक वाटतो, पण त्यामागचे कारण पाहा. ‘स्ट्रडप’ हे फंक्शन पॉइंटर परत देते. ते जाहीर केलेले नसेल तर जुना कंपायलर ते ‘इंट’ परत देते असे धरून चालत असे. ६४ बिटांच्या यंत्रावर पॉइंटर ६४ बिटांचा आणि ‘इंट’ ३२ बिटांचा असतो, त्यामुळे पत्त्याचा वरचा अर्धा भाग कापला जाई आणि प्रोग्रॅम कधी चाले, कधी कोसळे. विशेष म्हणजे, मानक ‘जीएनयू-११’ऐवजी (म्हणजे जीसीसीच्या वाढीव सोयींसह असलेल्या सी-११ऐवजी) काटेकोर ‘सी-११’ असे दिले असेल, तर योग्य हेडर जोडूनही ‘स्ट्रडप’ जाहीर होत नाही, कारण ते त्या मानकात नाही. ‘हेडर तर आहे, मग चूक का येते?’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा इथे सापडते.

पंधरामध्ये सीचे मूळ मानक २०२३चे झाले. त्यात ‘बूल’, ‘ट्रू’ आणि ‘फॉल्स’ हे भाषेचेच शब्द आहेत, त्यामुळे जुन्या कोडमध्ये कोणी ‘बूल’ नावाचा प्रकार स्वतः तयार केला असेल तर तो अडतो. रिकाम्या कंसांनी जाहीर केलेल्या फंक्शनचा अर्थही बदलला. पूर्वी तो ‘आर्ग्युमेंट काय आहेत ते सांगितलेले नाही’ असा होता, आता तो ‘आर्ग्युमेंट नाहीतच’ असा आहे.

याच मालिकेतला आणखी एक बदल कोणतीही चूक न दाखवता उत्तर बदलू शकतो, म्हणून तो विशेष जपून पाहावा. युनियनला (एकाच जागेत अनेक घटक ठेवणाऱ्या प्रकाराला) शून्याच्या एका कंसाने आरंभ दिला, तर आता तिचा फक्त पहिला घटक शून्य होण्याची हमी आहे, संपूर्ण युनियन शून्य होण्याची नाही. सिरियल संदेशासाठी युनियन केली आहे, तिचा पहिला घटक एक बाइटचा स्थितिदर्शक आहे आणि दुसरा सोळा बाइटांचा बफर आहे, असे समजा. फंक्शनच्या आत ती अशा रीतीने जाहीर केली, तर उरलेल्या पंधरा बाइटांमध्ये आधीचा कचरा राहू शकतो. उपाय म्हणजे रिकाम्या महिरपी कंसांनी आरंभ द्यावा किंवा ‘मेमसेट’ वापरावे. सगळा कोड तपासून होईपर्यंत ‘झिरो-इनिट-पॅडिंग-बिट्स’ हा पर्याय ‘युनियन्स’ या मूल्यासह द्यावा, म्हणजे जुनी वागणूक परत मिळते.

*इशारा:* भाषेचे मानक नेहमी स्पष्ट लिहावे. मेकफाइलमध्ये ‘एसटीडी’चा पर्यायच नसेल, तर कंपायलर बदलला की भाषाही बदलते. आधी ‘जीएनयू-१७’ असे लिहून कंपायलर बदलावा आणि मानक नंतर, वेगळ्या दिवशी बदलावे.

४. नवा कंपायलर जुन्याच्या शेजारी बसवा, त्याच्या जागी नको

एकाच यंत्रावर १३ आणि १४ सुखाने नांदतात. त्यांना आवृत्तीच्या आकड्यासह हाक मारावी. ‘अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज’ वापरून संपूर्ण यंत्राचा मूळ कंपायलर बदलण्याची घाई नको, कारण मग कोणत्या खिडकीत कोणता कंपायलर चालला याचा हिशेब राहत नाही. त्याहून बरे म्हणजे दोन वेगळे कंटेनर (एकाच यंत्रावरची स्वतंत्र, बंदिस्त वातावरणे) करावेत, दोन्हींत ऑपरेटिंग सिस्टीम एकच ठेवावी आणि फरक फक्त कंपायलरचा असावा.

नव्या कंपायलरसाठी बिल्डचे फोल्डरही नवे असावे. ‘सीमेक’ हे बिल्डचे साधन कंपायलरचा मार्ग आपल्या कॅशमध्ये लिहून ठेवते, म्हणून जुन्याच फोल्डरात नव्या कंपायलरने बिल्ड केल्यासारखे वाटते आणि प्रत्यक्षात जुनाच चालतो. लिंक-टाइम ऑप्टिमायझेशन लावून तयार केलेल्या स्टॅटिक लायब्ररी आणि प्रोफाइलवर आधारित ऑप्टिमायझेशनच्या जुन्या नोंदी या दोन्ही नव्या मालिकेला चालत नाहीत. त्या पुन्हा तयार कराव्या लागतात.

‘कॉन्फिगर’ची जुनी स्क्रिप्ट वापरणाऱ्यांना इथे एक छुपा सापळा आहे. ही स्क्रिप्ट लहान लहान प्रोग्रॅम कंपाइल करून पाहते आणि त्यावरून यंत्रावर कोणती सोय उपलब्ध आहे ते ठरवते. त्या लहान प्रोग्रॅममध्येच जाहीर न केलेले फंक्शन वापरले असेल, तर चौदाव्या मालिकेत ते कंपाइल होत नाहीत. मग स्क्रिप्ट ‘ही सोय नाही’ असा निष्कर्ष काढते आणि कोणतीही चूक न दाखवता प्रोग्रॅम वेगळ्या मार्गाने तयार होतो.

*तपासणी:* दोन्ही कंपायलरांनी तयार झालेल्या ‘कॉन्फिग’ हेडर फाइली ओळीओळीने ताडून पाहाव्यात. एकाही ओळीचा फरक दिसला, तर त्याचे कारण सापडेपर्यंत थांबावे.

५. पहिले बिल्ड: पर्याय तेच, वॉर्निंग सगळ्या

पहिल्या बिल्डमध्ये ऑप्टिमायझेशनचे पर्याय जुनेच ठेवावेत. ‘वॉल’ आणि ‘डब्ल्यू-एक्स्ट्रा’ हे वॉर्निंगचे दोन पर्याय मात्र जोडावेत. वॉर्निंगचा ढीग पाहून घाबरू नये. दोन्ही कंपायलरांच्या वॉर्निंग दोन फाइलींत उतरवून ज्या नव्याने आल्या तेवढ्याच आधी वाचाव्यात.

या टप्प्यावरची सर्वांत मोठी चूक म्हणजे ‘एफ-परमिसिव्ह’ लावून चौदाव्या मालिकेतल्या चुका पुन्हा वॉर्निंगमध्ये ढकलणे आणि पुढे निघून जाणे. बाहेरून आणलेल्या एखाद्या लायब्ररीपुरता तो पर्याय तात्पुरता वापरणे मी समजू शकतो. स्वतःच्या कोडवर तो लावणे म्हणजे गळक्या छताखाली बादली ठेवून छप्पर शाकारल्याचे समाधान मानणे.

मूल्य परत देणाऱ्या फंक्शनमध्ये एखाद्या वाटेवर ‘रिटर्न’ राहून गेल्याची वॉर्निंग सी-प्लस-प्लसमध्ये प्राणघातक समजावी. आठव्या मालिकेपासून कंपायलर असे धरतो की फंक्शनच्या त्या टोकाला प्रोग्रॅम कधी पोहोचणारच नाही, आणि त्यानुसार तिथला कोड काढून टाकतो. प्रोग्रॅम मग पुढच्याच एखाद्या असंबद्ध फंक्शनमध्ये घसरू शकतो.

६. सॅनिटायझर लावून एक पूर्ण दिवसाचा लॉग चालवा

अ‍ॅड्रेस आणि अनडिफाइन्ड हे दोन्ही सॅनिटायझर (प्रोग्रॅम चालू असताना मेमरीच्या आणि भाषेच्या नियमांच्या चुका पकडणाऱ्या सोयी) लावून वेगळे बिल्ड करावे आणि टप्पा २ मधला खरा लॉग त्याला द्यावा. हे बिल्ड मंद चालते, म्हणून ग्राहकाकडे ते कधीही जात नाही.

नव्या कंपायलरमध्ये ‘अचानक’ उद्भवलेले बहुतेक दोष कोडमध्ये वर्षानुवर्षे पडूनच असतात. जुन्या कंपायलरने त्यांचा फायदा घेतला नव्हता, नव्याने घेतला, इतकेच. बफरची सीमा ओलांडणे, चिन्हांकित पूर्णांक भरून वाहणे (त्याच्या जागेत न मावणे) आणि मोकळी केलेली मेमरी पुन्हा वाचणे हे सॅनिटायझर ओळ क्रमांकासह दाखवतात. आरंभमूल्य न दिलेले व्हेरिएबल मात्र हे दोघे पकडत नाहीत. त्यासाठी व्हॅलग्रिंड हे मेमरी तपासणारे साधन वेगळे चालवावे. बाइटांच्या बफरवर दुसऱ्याच प्रकारचा पॉइंटर लावून वाचण्याची सवय सिरियल पोर्टच्या कोडमध्ये सर्रास दिसते आणि तीही बहुधा निसटते. ती डोळ्यांनी शोधून तिथे ‘मेमकॉपी’ लिहावे. कंपायलर त्या कॉपीचे सहसा एकाच सूचनेत रूपांतर करतो, त्यामुळे वेग कमी होईल ही भीती व्यर्थ आहे.

७. आउटपुट ताडा, आणि फरक पडला तर आधी पर्याय पाहा

आता साधे बिल्ड घ्यावे, जपलेला इनपुट द्यावा आणि जुन्या-नव्या आउटपुटची बाइट-बाइट तुलना करावी. ‘साधारण सारखेच आहे’ हे उत्तर इथे चालत नाही.

आमच्याकडे घडलेला एक प्रसंग सविस्तर सांगतो. कंपायलर बदलल्यावर एका कारखान्याच्या चाचणी पावत्यांमध्ये काहींवर ‘बाकी ०.००’ असा शेरा छापून आला. पूर्वी तिथे ‘चुकते’ असे येत असे. सगळ्यांनी नव्या कंपायलरला दोष दिला. मी एक पावती घेतली. निव्वळ वजन १७.४३५ टन, दर ३१५० रुपये. प्रोग्रॅम वजन गुणिले दर काढून रक्कम साठवत होता, आणि पावती छापताना दुसऱ्या फंक्शनमध्ये तोच गुणाकार पुन्हा करून त्यातून साठवलेली रक्कम वजा करत होता. उत्तर शून्य आले की ‘चुकते’.

त्याच दिवशी कोणीतरी वेग वाढेल म्हणून ‘मार्च-नेटिव्ह’ हा पर्यायही जोडला होता. त्यामुळे कंपायलरला त्या यंत्रावरची गुणाकार आणि वजाबाकी एकत्र करणारी सूचना वापरण्याची मोकळीक मिळाली. वेगवेगळे केले तर गुणाकार आधी एकदा जवळच्या संख्येवर आणला जातो आणि मग वजाबाकी होते, म्हणून दोन्ही बाजू तंतोतंत जुळतात. एकत्र केले की गुणाकार न छाटता पूर्ण ठेवला जातो आणि वजाबाकीनंतर एकदाच जवळच्या संख्येवर आणला जातो. १७.४३५ ही संख्या दोनच्या पद्धतीत नेमकी लिहिता येत नाही, त्यामुळे छाटलेल्या आणि न छाटलेल्या गुणाकारात फरक उरतो. तो फरक किती होता? एका रुपयाचे लाख कोटी भाग केले तर त्यातले सुमारे तीन. छापताना तो ‘०.००’ दिसतो, पण शून्याशी तुलना केली की शून्य नसतो.

दोष कंपायलरचा नव्हता, आणि खरे तर त्या पर्यायाचाही नव्हता. पैसे अपूर्णांकात ठेवून त्यांची शून्याशी तुलना करणारा कोड आमचाच होता. आता आम्ही वजन किलोमध्ये आणि रक्कम पैशांमध्ये, दोन्ही पूर्णांकात ठेवतो. तात्पुरता उपाय हवा असेल, तर ‘एफपी-कॉन्ट्रॅक्ट’ हा पर्याय ‘ऑफ’ करावा.

‘ओ-फास्ट’ आणि ‘फास्ट-मॅथ’ हे पर्याय हिशेबाच्या कोडवर अजिबात लावू नयेत. त्यांच्यात बेरजेचा क्रम बदलण्याची मुभा असते, आणि ‘ही संख्याच नाही’ अशी तपासणी कंपायलर ‘कधीच खरी नाही’ असे समजून काढून टाकू शकतो. बिघडलेल्या सेन्सरचे वाचन गाळण्यासाठी लिहिलेली ओळ अशा रीतीने गुपचूप नाहीशी होते.

८. दोष खरोखर कंपायलरचा आहे का, हे ठरवण्याचा क्रम

कंपायलरमध्येही दोष असतात. कंपायलर स्वतःच ‘इंटर्नल कंपायलर एरर’ असे छापून थांबला, तर दोष त्याचा, यात वाद नाही. पण कंपाइल झालेला प्रोग्रॅम चुकीचे उत्तर देत असेल, तर पुढील क्रमाने जावे.

आधी ‘ओ-झिरो’ आणि ‘ओ-टू’ची उत्तरे ताडावीत. दोन्हींत सारखीच चूक असेल, तर शोध आपल्या कोडमध्ये घ्यावा. ‘ओ-टू’वरच चूक असेल, तर ‘नो-स्ट्रिक्ट-एलियासिंग’ आणि ‘रॅप-व्ही’ हे दोन पर्याय जोडावेत (पहिला दुसऱ्याच प्रकारच्या पॉइंटरने वाचणे चालवून घेतो, दुसरा पूर्णांक भरून वाहणे). त्यांनी चूक नाहीशी झाली, तर कोड भाषेचा नियम मोडतो आहे असे जवळजवळ निश्चित समजावे. जीसीसीचे लोकही तक्रार नोंदवण्याआधी हीच चाचणी करायला सांगतात.

तरीही चूक राहिली, तर फाइल शोधावी. अर्ध्या ऑब्जेक्ट फाइली जुन्या कंपायलरच्या आणि अर्ध्या नव्याच्या घेऊन लिंक करावे, चूक कोणत्या अर्ध्यात आहे ते पाहावे आणि तो अर्धा पुन्हा विभागावा. ६४ फाइली असतील तर सहा फेऱ्यांत नेमकी फाइल हाती येते. सोर्स वाचत बसून अंदाज बांधणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

त्या फाइलवर ‘सेव्ह-टेम्प्स’ लावून प्रीप्रोसेस केलेली (हेडर आत भरलेली) प्रत काढावी आणि ‘सी-व्हाइज’ या साधनाने ती कमीत कमी ओळींची करावी. यात दुहेरी फायदा आहे. एक तर ओळी कमी झाल्या की अनेकदा आपलीच चूक समोर दिसते, आणि दुसरे म्हणजे ग्राहकाचा कोड बाहेर जात नाही. तक्रारीत कंपायलरची पूर्ण ओळख, पूर्ण आज्ञा, ती प्रीप्रोसेस केलेली फाइल, अपेक्षित उत्तर आणि मिळालेले उत्तर एवढे द्यावे. त्याआधी त्याच मालिकेच्या ताज्या आवृत्तीवर एकदा चालवून पाहावे. दोष आधीच दुरुस्त झालेला असणे हे मी एकाहून अधिक वेळा अनुभवले आहे, आणि दोन दिवस फुकट गेल्याचे दुःख काही कमी नसते.

९. वेग मोजा, पण सगळ्यात शेवटी

आउटपुट जुळण्याआधी वेग मोजण्याला अर्थ नाही. चुकीचे उत्तर लवकर मिळाले, याचे कोणाला कौतुक?

लॅपटॉप चार्जरवर असावा, प्रोसेसरचा गव्हर्नर (वेग ठरवणारी व्यवस्था) ‘परफॉर्मन्स’वर असावा आणि दुसरे काही चालू नसावे. आधी जुन्याच्या दहा फेऱ्या आणि मग नव्याच्या दहा फेऱ्या असे करू नये, कारण दुपारच्या उन्हात यंत्र तापते आणि नंतर धावणाऱ्याला त्याचा फटका बसतो. जुना, नवा, जुना, नवा अशा आलटून पालटून फेऱ्या घ्याव्यात, पहिली फेरी सोडून द्यावी आणि सरासरीऐवजी मध्यक पाहावा. ‘हायपरफाइन’ आणि ‘पर्फ स्टॅट’ ही साधने यासाठी पुरेशी आहेत. जुन्याच्या दोन फेऱ्यांमधला फरक जेवढा आहे, तेवढाच जुन्या-नव्यात दिसत असेल, तर सुधारणा झाली असे लिहू नये.

आणि अपेक्षा माफक ठेवावी. आमचा वजनकाट्याचा प्रोग्रॅम बहुतेक वेळ सिरियल पोर्टची वाट पाहत बसतो. तिथे कंपायलर काय वेग देणार? हळदीच्या सौद्यांचा वर्षाचा गोषवारा काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मात्र लांबलचक लूप आहेत आणि व्हेक्टरायझेशनचा उपयोग तिथे झाला तर होतो. कोणता लूप सुधारला आणि कोणता का सुधारला नाही, हे ‘ऑप्ट-इन्फो’चा पर्याय दिला की कंपायलर स्वतः सांगतो. कंपाइल होण्याचा वेळ ही वेगळी बाब आहे. तो ‘टाइम-रिपोर्ट’ने पाहावा आणि दोन्हींची सरमिसळ करू नये.

१०. ग्राहकाच्या यंत्रावर बसवणे

कार्यालयात सगळे जुळले तरी काट्यावरच्या खोलीत दोन अडचणी हमखास येतात.

पहिली म्हणजे ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’. ‘मार्च-नेटिव्ह’चा अर्थ ‘ज्या यंत्रावर कंपाइल करतो आहे त्याच्यासाठी’ असा आहे, आणि काट्यावर बहुधा जुने पेंटियम असते. सगळ्या ग्राहकांकडे चालेल अशी पातळी ठरवून ती स्पष्ट लिहावी. शंका असेल तर पर्यायच काढून टाकावा.

दुसरी अडचण ग्लिबसी या लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीबद्दलच्या ‘ग्लिबसी २.३४ सापडत नाही’ अशा धर्तीच्या संदेशाची. ही कंपायलरची नाही, तर ज्या ऑपरेटिंग सिस्टीमवर बिल्ड केले तिची आहे. उबुंटू २२.०४ वर तयार केलेला प्रोग्रॅम सहसा २०.०४ वर चालत नाही, कारण तिथली ग्लिबसी २.३१ आहे. यावर उपाय म्हणजे ग्राहकाकडे जी सर्वांत जुनी सिस्टीम आहे, तिच्या कंटेनरमध्ये नवा कंपायलर बसवून तिथे बिल्ड करावे. सी-प्लस-प्लसची लायब्ररी स्टॅटिक जोडली, तर तिच्या आवृत्तीचा प्रश्नही उरत नाही.

जुना प्रोग्रॅम त्याच यंत्रावर वेगळ्या नावाने ठेवावा आणि एका आज्ञेने त्याच्याकडे परत जाता येईल अशी व्यवस्था करावी. ती आज्ञा काट्यावरच्या कारकुनाकडून आपल्यासमोर एकदा चालवून घ्यावी आणि कागदावर लिहून मॉनिटरशेजारी चिकटवावी. रात्रपाळीला फोन येतो तेव्हा तिथे आपण नसतो, तोच असतो.